मालवणच्या पाण्यात एका खडकापाशी चाळीस मिनिटे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्या भावाने कॅलिफोर्नियातील पॉइंट लोबोस येथे, व्हेलर्स कोव्ह या थंड पाण्याच्या छोट्या आखातात स्कूबा डायव्हिंग केले आणि तिथे केल्पची उंच जंगले, सील, तारामासे व रंगीत सागरी गोगलगायी पाहिल्या. आपण जानेवारीच्या उत्तरार्धात दहा वर्षांच्या मुलीसह मालवणला येत आहात. मात्र ‘मालवणचे पाणी गढूळ, तिथे काय दिसणार’ असे कोणी सांगितल्यामुळे आपले मन साशंक झाले आहे. मी गेली सतरा वर्षे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या आणि निवतीच्या खडपांत, म्हणजे समुद्रातील खडकाळ भागांत, बुड्या मारतो व इतरांना घेऊन जातो, त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे. ते लांबले आहे, कारण हा विषय मला दोन ओळींत संपवता येत नाही.

पाणी गढूळ असते हे खरे आहे. चांगल्या दिवशी पाच ते आठ मीटरपर्यंत दिसते, वाईट दिवशी दोन मीटरही दिसत नाही. पण त्यावरून ‘काही दिसत नाही’ असा निष्कर्ष काढणारे लोक मालवणचा समुद्र लांबून पाहायला जातात, आणि हा समुद्र हातभर अंतरावरून पाहायचा असतो. इथे खूप फिरणाऱ्याला थोडे दिसते, आणि एका खडकापाशी चाळीस मिनिटे थांबणाऱ्याला इतके दिसते की वर आल्यावर सांगताना त्याची दमछाक होते. पुढचे सर्व विवेचन या एकाच गोष्टीभोवती आहे.

प्रथम आपल्या भावाने पाहिलेल्या दृश्याविषयी. केल्प ही तपकिरी शैवालाची जात असून तिला थंड आणि पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी लागते. अनुकूल परिस्थितीत ती एका दिवसात जवळजवळ अर्धा मीटर वाढते आणि तळापासून पृष्ठभागापर्यंत तीस मीटर उंचीचे झाड उभे राहते. तिथल्या पाण्याचे तापमान सहसा दहा ते पंधरा अंश सेल्सिअस असते. जानेवारीत आमच्याकडचे पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या आसपास असते, त्यामुळे केल्प इथे जगूच शकत नाही, आणि सीलही इथले प्राणी नाहीत. परंतु जंगल मात्र आहे. आमच्या खडपांवर सरगॅसम हे तपकिरी शैवाल पावसाळा सरल्यावर जोम धरते. त्याच्या फांद्यांना मिरीच्या दाण्याएवढ्या हवेच्या पिशव्या असतात, त्यांच्या आधाराने ते पाण्यात ताठ उभे राहते, आणि जानेवारीपर्यंत काही जागी कमरेइतके वाढलेले असते. लाटेसरशी सारे रान एका बाजूला झुकते आणि पुन्हा उभे राहते. त्या फांद्यांच्या आडोशाला माशांची नखाएवढी पिल्ले, काड्यांसारखे पाइपफिश आणि शैवालाच्याच रंगाचे खेकडे राहतात. उन्हाळ्यात हे शैवाल खडकावरून सुटते व किनाऱ्यावर त्याच्या राशी येऊन पडतात. मुलांना त्या पिशव्या फोडायला आवडतात. त्या राशी ज्या जंगलातून आल्या, ते पाण्याखाली उभे असलेले पाहायला फारच थोडे लोक जातात.

पाणी गढूळ का असते, हेही समजून घेण्यासारखे आहे. कर्ली नदी देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळते, उत्तरेला कोळंबची खाडी आहे, आणि चार महिन्यांच्या पावसात सह्याद्रीवरून उतरलेला गाळ उथळ किनाऱ्यावर पसरतो. त्याखेरीज पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, भरपूर असतात. हा गढूळपणा बऱ्याच अंशी अन्नाचा आहे. खडकांना चिकटलेले शिनाणे आणि कालवे, पंख्यासारखे हायड्रॉइड नावाचे जीव, स्पंज, समुद्रफुले (फुलांसारखे दिसणारे प्राणी, सी-ॲनिमोनी) या साऱ्यांचे पोट त्याच्यावर भरते. पाणी आरशासारखे स्वच्छ असते, तर या खडपांवर आज आहे तेवढी दाटी झाली नसती.

तरीही दिवस आणि वेळ नीट निवडल्यास पाण्यात पुष्कळ फरक पडतो, आणि त्यासाठी पंचांग हाताशी असावे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाण्याची ओढ जोरदार असते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी संथपणे चढते-उतरते आणि गाळ बसलेला राहतो. भरतीची वेळ काढण्याची आमच्याकडची जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट करावी : दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. ही वेळ ढोबळ असते, बंदरागणिक थोडी मागेपुढे होते, पण बेत आखायला पुरेशी आहे. मी स्वतः दशमी-एकादशीची सकाळ पसंत करतो. एक तर उधाण अजून लागलेले नसते, दुसरे म्हणजे भरतीबरोबर बाहेरचे निवळ पाणी आत आलेले असते, आणि तिसरे म्हणजे सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहत असल्यामुळे समुद्र शांत असतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि तेच ठिकाण ओळखू येत नाही. ‘जेवण करून निवांत दोनला जाऊ’ असे म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी दरवेळी नम्रपणे नकार देतो.

आता पाण्याखाली जाऊ. नवख्या माणसाला इथे सहसा पाच ते आठ मीटर खोलीवर नेले जाते. मास्क, श्वास घेण्याचा रेग्युलेटर, कानांवरचा दाब हे सारे सांभाळता सांभाळता पहिली पाच मिनिटे निघून जातात आणि तेव्हा काही दिसत नाही, हे स्वाभाविक आहे. पण ऐकू येते. कढईत मोहरी तडतडावी तसा एक अखंड आवाज चारी बाजूंनी येत असतो, आणि बहुतेकांना तो आपल्या उपकरणातला बिघाड वाटतो. तो पिस्तूल कोळंबीचा आवाज असतो. बोटाच्या पेराएवढी ही कोळंबी आपला मोठा आकडा इतक्या वेगाने मिटते की पाण्याची चिळकांडी उडून एक बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटताना हा आवाज होतो. कोळंबी दिसत नाही, ती खडकाच्या फटीत असते. पण ज्या खडपात ही तडतड दाट ऐकू येते ते खडप भरलेले आहे, असे मी खुशाल समजतो.

दुसरी गोष्ट रंगांची. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे पाच-सहा मीटरवरच सगळे हिरवट-करडे दिसू लागते. बोट खरचटले तर रक्तही हिरवट दिसते. म्हणून भर दिवसा हातात लहान टॉर्च असावी. आपण ज्याला मघापासून मळकट खडक समजत होतो, त्याच्यावर प्रकाश टाकल्याबरोबर शेंदरी स्पंज, जांभळी शैवालाची पुटे आणि पिवळी समुद्रफुले एकदम उजळतात. मालवणला येणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे कॅमेरा असतो आणि टॉर्च नसते. निवड करायची झाल्यास टॉर्च आणा, असे मी आग्रहाने सांगेन.

आमच्याकडे प्रवाळ आहेत, आणि ते मालवणचे सर्वांत नाजूक धन आहे. मात्र लक्षद्वीपच्या चित्रांत दिसतात तशा सांबरशिंगी फांद्यांची इथे अपेक्षा ठेवू नये. इथे टिकून राहिले आहेत ते गाळ सोसणारे प्रकार : घुमटासारखे पोराइट्स, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे फॅव्हाइट्स, द्रोणासारखे पसरलेले टर्बिनारिया. घुमटाजवळ जाऊन टॉर्चच्या उजेडात पाहिले तर पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य कप्पे दिसतात. प्रत्येक कप्प्यात एक जीव आहे, आणि त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसते. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०१६ साली जगभरात अशी मोठी लाट आली, तिची झळ आपल्या समुद्रालाही बसली. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पाणी वेळेत निवले तर तो सावरू शकतो. पण पोराइट्सचा घुमट वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्याएवढा घुमट चाळीस-पन्नास वर्षांचा असतो. त्यावर क्षणभर टेकवलेले पाऊलही त्याला सोसत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे, आणि सर्व कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वाघाला जे संरक्षण आहे तेच या दगडासारख्या दिसणाऱ्या जिवाला आहे, हे बुडीपूर्वी मी प्रत्येकाला सांगतो, आणि ऐकणाऱ्याचे पाय त्यानंतर खरोखर जपून पडतात.

ज्या एका खडकाविषयी मी बोलत होतो, तो किल्ल्याच्या नैऋत्येकडील खडपात सहा मीटर खोलीवर आहे आणि बैलगाडीपेक्षा मोठा नाही. मागच्या डिसेंबरात एका डॉक्टर बाईंना मी तिथे नेले. त्यांना मोठे मासे पाहायचे होते, म्हणून सुरुवातीला त्या इकडेतिकडे पाहत होत्या. मी खडकाच्या सावलीतील एका स्पंजवर टॉर्च धरली. त्यावर करंगळीच्या नखाएवढी एक सागरी गोगलगाय, म्हणजे न्यूडिब्रँक, बसलेली होती. पांढरे अंग, कडेला पिवळी किनार, डोक्यावर दोन लहान शिंगे आणि पाठीच्या मागच्या टोकाला झेंडूच्या कळीसारखा कल्ल्यांचा झुबका. तिला शंख नसतो. ज्या स्पंजवर ती जगते, त्यातील विषारी द्रव्ये स्वतःच्या अंगात साठवून ती आपला बचाव करते, आणि भडक रंग हा त्याचाच इशारा असतो. डोक्यावरच्या शिंगांनी तिला वास येतो. आमचे बुडबुडे जवळून गेले की ती शिंगे आणि कल्ले झटकन आत घ्यायची, मग पाच-सात सेकंदांनी सावकाश बाहेर काढायची. तिच्यामागे खडकावर चकलीसारखी गोल गोल चिकटवलेली एक पांढरी फीत होती. बाईंनी खुणेने ‘हे काय’ असे विचारले. ती तिची अंडी होती, हजारो, एका फितीत. त्यानंतर बाई त्या खडकावरून हलल्याच नाहीत, आणि हवा संपत आल्याची खूण मला दोनदा करावी लागली.

याच खडकाच्या दक्षिण बाजूला एक सफाई केंद्र आहे. बोटाएवढा निळा-काळ्या पट्ट्याचा, क्लीनर रास (wrasse) नावाचा मासा तिथे वर-खाली नाचत असतो. गोबरा हा मोठा मासा त्याच्यासमोर येऊन स्थिर उभा राहतो, जबडा उघडतो, कल्ले पसरतो, आणि हा एवढासा मासा त्याच्या तोंडात शिरून दातांतील कण व अंगावरचे परजीवी खातो. गोबऱ्याने एक घोट घेतला तर तो संपेल, पण तसे होत नाही. एकामागून एक मासे येतात, कधी दोघे-तिघे वाट पाहत थांबतात. या माशांची आणखी एक गंमत आहे : एका नराभोवती अनेक माद्या असतात, आणि नर मेला तर त्यांतली सर्वांत मोठी मादी नर होते व कुटुंब सांभाळते. हे केंद्र पाहायचे असेल तर दोन मीटर दूर, तळापासून थोडे वर, हात जुळवून स्थिर राहावे. जवळ गेल्यास गिऱ्हाईक निघून जाते.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त सलते, ती. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले सार्जंट मासे इथे शेकड्यांनी आहेत. नर खडकाचा हातभर तुकडा साफ करतो, मादी तिथे अंडी चिकटवते, आणि लांबून तो तुकडा जांभळट गालिच्यासारखा दिसतो. अंडी फुटेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, नर तिथून हलत नाही. त्या काळात त्याच्या अंगावर निळसर छटा येते, तो अंड्यांना पंखांनी वारा घालतो, आणि माझ्यासारख्या त्याच्या पाचशेपट मोठ्या प्राण्याच्या मास्कवर धडक मारायला कमी करत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका नराकडे मी पाहत असताना, वरच्या होडीतून पर्यटकांसाठी मासे गोळा व्हावेत म्हणून पावाचे तुकडे टाकण्यात आले. भोवतालचे सगळे सार्जंट वर धावले, आणि काही क्षणांनी तो नरही गेला. तो जेमतेम अर्धा मिनिट दूर होता. तेवढ्यात चंद्रकोरी शेपटीचे रास मासे त्या जांभळ्या तुकड्यावर तुटून पडले, आणि तो परत आला तेव्हा खडक जवळजवळ कोरा झाला होता. पाव हे माशांचे अन्न नाही, त्याने त्यांचे पोट बिघडते हे तर आहेच. पण त्याने राखणदार जागेवरून उठतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून आपल्या होडीत कोणी पाव किंवा बिस्किटे काढली, तर कृपया स्पष्ट नकार द्यावा. आपण पैसे देणारे पाहुणे आहात, आपला शब्द आमच्या शब्दापेक्षा जास्त चालतो.

याशिवाय काय दिसेल? फटींतून शेवंडीच्या (लॉब्स्टरच्या) लांब मिशा बाहेर डोकावतात, मिशांना हात लावू नये. वाळूत अर्धे पुरलेले पाकट असते, त्याचे फक्त डोळे दिसतात. चौकोनी चेहऱ्याचे केंड, म्हणजे पफरफिश, आपल्याकडे निरखून पाहत जवळून जाते. त्याला फुगवण्यासाठी छेडण्याची पद्धत काही जणांत आहे, ती क्रूर आहे. ऑक्टोपस शोधायचा असेल तर ऑक्टोपस शोधू नये, खेकड्यांच्या ताज्या, रिकाम्या कवचांचा ढीग शोधावा. तो ढीग ज्या बिळाच्या तोंडाशी असेल त्यात घरमालक असतो, आणि धीर धरल्यास आधी एक डोळा, मग एक भुजा बाहेर येते. नशीब असल्यास कपा माकूल, म्हणजे कटलफिश, पाण्यात अधांतरी उभी दिसते आणि तिच्या अंगावरून रंगांच्या लाटा सरकत जातात. फुलपाखरू मासे बहुधा जोडीने फिरतात. समुद्रकाकड्या तळाची वाळू गिळून त्यातील अन्न काढून घेतात व स्वच्छ वाळू मागे टाकतात. त्या कंटाळवाण्या वाटतात, पण खडपाची झाडलोट त्यांच्याकडेच आहे.

जपून राहण्यासारखे जीव थोडे आहेत, पण आहेत. लायनफिशचे पंख देखणे असतात आणि पाठीचे काटे विषारी असतात. काटा लागल्यास ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवावी आणि डॉक्टरांकडे जावे. लांब काळ्या काट्यांचे अर्चिन फटींत बसतात. पिसासारखे हायड्रॉइड अंगाला घासले तर खाजेची गांधी उठते. जेलीफिश, म्हणजे आमच्याकडचा झार, काही दिवस भरपूर असतो. तेव्हा पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घालावा. एकच नियम पुरेसा आहे : काहीही धरायचे नाही. हातमोजे घालणाऱ्याला धरण्याचा मोह होतो, म्हणून मी पाहुण्यांना हातमोजे देत नाही.

कासव दिसण्याची शक्यता आहे, पण ते गृहीत धरू नये. व्हेल शार्कची तर आशाच धरू नये. तिच्यासाठी आणि खरोखर नितळ पाण्यासाठी लोक आंग्रिया बँकेचे नाव घेतात. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे बुडालेले पठार विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि त्याचा माथाच वीस मीटरच्या आसपास खोल आहे. ते अनुभवी डायव्हरचे काम आहे. पहिल्याच सहलीत त्याचा विचार करू नये.

आपल्याला एकच बुडी परवडणार असेल, तर ठरवतानाच सांगावे की ‘आम्हाला फिरवू नका, एका जागी थांबवा, व्हिडिओ नसला तरी चालेल’. चांगला मार्गदर्शक हे ऐकून खूश होईल. परतताना एक काळजी घ्यावी. आंबोली घाटाचा माथा सहाशे मीटरहून उंच आहे, आणि त्या उंचीपासून वर, विमानाप्रमाणेच, डायव्हिंगच्या वेळी शरीरात विरघळलेल्या आणि उंचीवर बुडबुडे होऊ शकणाऱ्या नायट्रोजनचा विचार करावा लागतो. म्हणून एका बुडीनंतर बारा तास, आणि अधिक बुड्या झाल्यास अठरा तास, घाट चढू नये. बुडीच्या संध्याकाळी मालवणात मुक्काम ठेवून सकाळी निघणे हा सरळ मार्ग आहे.

मुलीविषयी. दहा वर्षे पूर्ण असतील तर वयाची अट पूर्ण होते, पण तिची स्वतःची इच्छा नसेल तर पाठीवर सिलिंडर चढवू नये. तिच्यासाठी दुसरा मार्ग आहे. एकादशीला बुडी झाली की तीन-चार दिवसांत पौर्णिमा किंवा अमावास्या येते, तेव्हा उधाणामुळे ओहोटीही दूरवर जाते, आणि ती साधारण पहाटे व संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास पडते. मुक्काम तेवढा वाढवता आला, तर रबरी तळव्याचे बूट घालून, एखाद्या स्थानिक मच्छीमार काकांना बरोबर घेऊन, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडपात जावे. खळग्यांतील घोटाभर पाण्यात मिटलेली समुद्रफुले, दुसऱ्याच्या शंखात राहणारे खेकडे, लहान तारामासे आणि कधी कधी तीच नखाएवढी गोगलगाय दिसते. खळग्याच्या काठावर उकिडवे बसावे, सावली पाण्यावर पडू देऊ नये आणि पाच मिनिटे हलू नये. आधी शंख चालू लागतात, मग समुद्रफुले उमलतात. पाणी पुन्हा चढायला लागले की, काका सांगतील त्या क्षणी, निघावे.